काडाखालचे मारेकरी

भुंगेऱ्याला काही कळलंच नाही. मक्याच्या बुडाशी ओल्या मातीवरून तो आपला डुलत डुलत चालला होता, पाठीवर पिवळे पट्टे, पोट खाऊन टम्म फुगलेलं. वाळल्या धाटापानांच्या काडाखालून पळ्या आला आणि सरळ त्याच्यावर जाऊन बसला. पळ्या म्हणजे जमिनीवर पळणारा कोळी, मातीच्या रंगाचा, केसाळ, जाळं विणायच्या भानगडीत न पडणारा. त्याने भुंगेऱ्याला आठही पायांनी आवळलं, उलथं केलं आणि मानेच्या मऊ सांध्यात दात रोवले. भुंगेऱ्याचे पाय हवेत चालतच राहिले, मग एकेक करून थांबले. पळ्याने त्याला काडाखाली ओढत नेलं आणि आतून प्यायला सुरुवात केली.

धाकटी दोन ओळींच्या मध्ये पालथी पडून हे बघत होती. हनुवटी मातीत टेकलेली, ओढणी डोक्याला गुंडाळलेली, डोळ्याची पापणी लवत नव्हती.

"खा," ती हळूच म्हणाली. "निवांत खा. तुला कोण उठवतंय."

लेकराला भरवताना बायका बोलतात तसं ती बोलली खरं, पण ती काही मऊ काळजाची नव्हती. तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग कायम बसलेला असायचा आणि घरातल्या निम्म्या कपबशांचे कान तिनेच उडवले होते. उरलेल्या निम्म्यांचे तिच्या थोरल्या भावाने. एकाच आईच्या पोटी दोन तोफा जन्माला आल्या, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून आई म्हणायची, "दारूगोळा बापाचा."

गेल्या वर्षी या दोघांचं शेत पडलं होतं. कापणीला आलेला मका एका वाऱ्यात भुईसपाट झाला. उपटून बघितलं तर धाटाला मुळंच नव्हती. भुंगेऱ्याच्या अळ्यांनी मातीच्या आत बसून सगळी कुरतडून खाल्ली होती, आणि वर हिरवागार दिसणारा मका नुसता जमिनीत खोचून ठेवल्यासारखा उभा होता. दादा म्हणाला, औषध कमी पडलं. धाकटी म्हणाली, औषध जास्त झालं, त्यानेच अळीला खाणारे सगळे मारले. शब्दाला शब्द वाढला. जेवणाचं ताट दादाच्या कपाळावर फुटलं आणि दादाने तिला वेणीला धरून ओसरीच्या पायऱ्यांवरून खाली आणलं.

तेव्हा आईने मध्ये पडून निकाल दिला. बाप, म्हणजे अप्पा, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात आईचाच शब्द चालायचा.

"शेत उभं अर्धं करा," ती म्हणाली. "अर्ध्यात याने याच्या मनासारखं करायचं, अर्ध्यात हिने हिच्या. कापणीला ज्याचा मका स्वतःच्या पायावर उभा असेल, सगळं शेत त्याचं. दुसऱ्याने पशुखाद्याच्या कारखान्यात पोती उचलायला जायचं आणि पुन्हा बांधावर पाऊल टाकायचं नाही. मी असेपर्यंत तरी या घरात दोन मालक नकोत मला."

दोघांनी मान हलवली. दोघांनाही आपणच जिंकणार याची खात्री होती. धाकटीला मात्र रात्र रात्र त्या कारखान्याच्या धुरळ्याचा वास यायचा. शेताशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

दादाने आपला अर्धा भाग नांगरून, धसकटं वेचून, झाडून काढल्यासारखा चकचकीत केला. धाकटीने गेल्या हंगामाचं काड तसंच ठेवलं, उलट शेजारून मागून आणून ओळींच्या बुडाशी आणखी अंथरलं. दादा बांधावरून म्हणायचा, "शेत आहे का उकिरडा?" ती म्हणायची, "माझ्या पोरांचं अंथरूण आहे. तू तुझं बघ."

आणि तिने आपल्या भागात काठी बंद केली.

या काठीचं सांगायला हवं. मका डोक्याच्या वर गेला की रोज सकाळी दोन ओळींच्या मध्ये जाळी विणलेली असतात, बरोबर तोंडाच्या उंचीवर. म्हणून या घरात जो पहिला शेतात शिरेल त्याने काठी पुढे धरून फिरवत जायचं, जाळी तोडायची, मागच्यांना वाट मोकळी करायची, अशी रीत होती. आधी अप्पा पुढे असायचे. धाकटी पाच-सहा वर्षांची असताना एकदा हट्टाने एकटीच आत पळाली आणि जाळं तिच्या उघड्या डोळ्यांवर बसलं, कोळ्यासकट. ती इतकी ओरडली की नंतर चार दिवस आवाज बसला होता. त्या दिवसापासून दादाने अप्पांच्या हातातली काठी घेतली. स्वतः जेमतेम दहा वर्षांचा पोरगा, पण रोज तिच्यापुढे चालायचा आणि मागे न बघता म्हणायचा, "ये. वाट मोकळी आहे." घरी आल्यावर तिच्या पाठीत धपाटे घालायला तोच पुढे असायचा, ते वेगळं.

आता तीच काठी तिने बांधाशी अडवली. "माझ्या भागात जाळी तोडायची नाहीत. कामाला येणाऱ्यांनी वाकून जायचं."

"मला वाकायची सवय नाही," दादा म्हणाला.

"मग येऊ नकोस."

हंगाम मध्यावर आला आणि भुंगेरे उतरले. दादाने पाठीवर पंप चढवला आणि डोळ्यांत तेल घालून एकेक ओळ फवारली. संध्याकाळी त्याच्या भागात भुंगेऱ्यांचा सडा पडला होता. त्यांच्याबरोबर पळेही मेले, पाय पोटाशी आवळून, पण ते त्याने मोजले नाहीत. त्याची पानं काचेसारखी स्वच्छ झाली. धाकटीच्या मक्याची पानं चाळणी झाली होती आणि कणसांचे केस ठिकठिकाणी कातरलेले होते. वहिनी, म्हणजे दादाची बायको, भाकरी घेऊन बांधावर आली की धाकटीकडे बघायची आणि आपल्या वाट्याची भाजी तिच्या ताटात वाढायची. त्याने तर धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण भुंगेऱ्याला पंख आहेत. मेले तेवढे बाहेरून परत आले. पळ्याला पंख नाहीत, तो मेला तो मेला. दादाने पुन्हा फवारलं, मग पुन्हा. आणि एके दिवशी, मनात काय आलं कोण जाणे, त्याने आपल्या भागातलं एक धाट उपटलं. ते हातात आलं ते गवताची काडी यावी तसं. मुळांच्या जागी तपकिरी बुंधे, आणि त्यात दोन पांढऱ्या अळ्या डोकं खुपसून बसलेल्या. तो बांध ओलांडून धाकटीच्या भागात आला आणि तिचं एक धाट धरलं. दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. माती फाटली पण धाट सुटलं नाही. तिच्याकडेही अळ्या होत्या, पण मातीतून डोकं वर काढणारी प्रत्येक अळी कुणाच्या ना कुणाच्या दाताखाली जात होती. उरलेल्यांना सगळी मुळं खाणं जमत नव्हतं.

धाकटीने हे लांबून पाहिलं. तो ओढत होता तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तिला हसू आलं, आणि लगेच जरा भीतीही वाटली, कारण त्या शिरा तिला लहानपणापासून ठाऊक होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा दादा तिच्या भागातून बाहेर पडत होता. हातात काठी. काठीला जत्रेतल्या म्हातारीच्या कापसासारखा जाळ्यांचा पांढरा गुंडा चिकटलेला, त्यात अर्धमेले कोळी पाय हलवत होते. त्याने एकही ओळ सोडली नव्हती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळी जाळी फाडून काढली होती.

"घे," तो म्हणाला आणि काठी तिच्या पायांशी मातीत घासून पुसली. चिरडलेल्या कोळ्यांचा ओला पट्टा मातीवर उमटला. "तुझी फौज."

इथे धाकटीने गप्प बसायला हवं होतं. जाळी रात्रीतून पुन्हा विणली गेली असती आणि दादा आपण जिंकलो या समजुतीत घरी जाऊन जेवला असता. पण तिच्या जिभेला कधी हाड नव्हतं. वर्षभराची टोमणेबाजी तिच्या छातीत साठली होती.

"जाळी तोडलीस?" ती हसत म्हणाली. "सगळी? अरे, इतकी वर्षं काठी फिरवतोयस आणि कोळी म्हटलं की तुला जाळंच दिसतं. या जाळ्यांत माश्या अडकतात, दादा. अळीला मारणारे खाली आहेत. तुझ्या पायाखाली. काडात." आणि तिने पायाने काड जरासं उकरून दाखवलं. चार-पाच पळे दिसले आणि दिसेनासे झाले. "हे माझे. यांना काठी लागत नाही आणि तुझं औषध इथवर येत नाही. आता जा, पोती उचलायचा सराव कर."

दादा त्या काडाकडे बघत राहिला. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

दुपारी ती विहिरीवर होती. धुराचा वास आला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती धावत आली तेव्हा दादा तिच्या भागाच्या टोकाला होता. लोखंडी दाताळ्याने त्याने पहिल्या ओळींचं काड ओढून ढीग केला होता आणि ढिगाला काडी लावली होती. ऊन कडक होतं, काड वाळून कडकडीत झालेलं. ढिगातून पळे सुटत होते. पेटलेले, अर्धे पेटलेले, अंगात आल्यासारखे गोल गोल फिरणारे. जे बाहेर पडत होते त्यांना दादा टाचेने चिरडत होता. एक मादी निघाली, पाठीवर पिल्लं घेतलेली, इतकी की तिची पाठ दिसत नव्हती. दादाने तिच्यावर पाय दिला. पाय उचलला तेव्हा आई मातीत चपटी झाली होती आणि पिल्लं, टाचणीच्या डोक्याएवढी, त्याच्या चपलेवरून, घोट्यावरून, पिंढरीवरून वर पळत सुटली. तो दात ओठ खात त्यांना तळहाताने रगडत होता आणि दुसऱ्या हाताने काडेपेटी उघडत होता.

धाकटी त्याच्या पाठीवर पडली ती वरून दगड पडावा तशी. दोघं मातीत लोळले. तिने त्याच्या दंडाचा लचका तोडला आणि तोंडात रक्ताची खारट चव आली तरी दात सोडले नाहीत. त्याने कोपर तिच्या बरगडीत मारलं, एकदा, दोनदा, तेव्हा ती सुटली. मग त्याने तिला मानगुटीला धरलं आणि तोंड मातीत दाबलं. तिच्या नाकात माती गेली, दातांत माती गेली. श्वास येईना. ती हाताने चाचपडत होती आणि वरून त्याचा आवाज येत होता, हुंदक्यासारखा, "माझं शेत आहे. अप्पांनंतर मी पुढे चाललोय, मी, तू नाही." त्याने तिच्या मानेवरचा एक हात काढला. कशासाठी, ते तिला काड्यांच्या खुळखुळण्यावरून कळलं.

तिच्या हाताला काठी लागली. सकाळी त्याने मातीत घासून टाकलेली तीच काठी.

ती कशी सुटली, कशी फिरली, तिला नंतर आठवलं नाही. फटका मात्र आठवला. तो त्याच्या उजव्या मनगटावर बसला, काडेपेटी उडाली, काड्या मातीत विखुरल्या. दादाने "आई गं" म्हटलं आणि हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. काडेपेटी लांब पडली होती. त्याच्या हातात काही नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतला राग विझलेला तिला अगदी स्पष्ट दिसला.

तिने पुन्हा मारलं. त्याच मनगटावर. या वेळी हाड मोडल्याचा आवाज आला, ओलं धाट मोडावं तसा.

मग ती काठी टाकून आगीकडे धावली. ओढणी पाटाच्या चिखलात बुडवून झोडपत राहिली, पायांनी माती उडवत राहिली. जरा वेळाने तिला दिसलं की शेजारी दादाही आहे. उजवा हात विचित्र वाकडा लोंबतोय आणि डाव्या हाताने तो रिकामं पोतं आपटतोय. दोघांनी मिळून आग विझवली. टोकाच्या काही ओळी काळ्या पडल्या, बाकी वाचलं.

घरी दादा म्हणाला, "बांधावरून पडलो."

आईने त्याच्या दंडावरचे दातांचे वण पाहिले. "बांध चावला पण का?" तिने विचारलं. मग धाकटीच्या मातीने भरलेल्या तोंडाकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. वहिनीने नवऱ्याला दवाखान्यात नेलं. त्या दिवसापासून धाकटीच्या ताटात जास्तीची भाजी पडली नाही.

कापणीच्या तोंडावर वादळ झालं. सकाळी सगळे बांधावर गेले तेव्हा दादाचा भाग एका अंगावर झोपला होता, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, कणसं चिखलात, मुळांचे बोडके बुंधे आभाळाकडे. धाकटीचा मका उभा होता. वाकला होता, फाटला होता, काळ्या ओळींकडून केविलवाणा दिसत होता, पण स्वतःच्या पायावर उभा होता. आईने दोन्हीकडे पाहिलं.

"ठरलं होतं ते ठरलं होतं," ती म्हणाली. "शेत तिचं."

धाकटीने या क्षणाची वर्षभर वाट पाहिली होती. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडलं तर दातांत अजून माती असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दादा डबा घेऊन कारखान्यात गेला. प्लास्टर निघालं होतं, पण हाड वेडंवाकडं जुळलं होतं आणि बोटं मिटत नव्हती. मुकादमाने त्याच्या खांद्यावर पोतं दिलं. ते धरायला त्याने उजवा हात वर नेला आणि हात तिथपर्यंत पोचलाच नाही. पोतं घसरलं, फुटलं, खाद्य चहूकडे सांडलं. मुकादम भला माणूस होता, ओरडला नाही. त्याने दादाचा हात आपल्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाला, "एकदाच मोडला असता तर नीट बसला असता बघ. हा एकाच जागी दोनदा मोडलाय. कुणी केलं हे?"

"पडलो," दादा म्हणाला, आणि भरलेला डबा तसाच घेऊन परत आला. हे सगळं वहिनीने धाकटीला सांगितलं, चुलीसमोर, तिच्याकडे न बघता, एकेक शब्द मोजून.

कापणीच्या दिवशी सकाळी धाकटी विळा घेऊन शेताच्या तोंडाशी उभी राहिली. ओळींच्या मध्ये जाळी दवाने भरून लोंबत होती. खाली काड शांत होतं. या वर्षीपासून पहिली शिरणारी तीच. तिने पाऊल उचललं, आणि मागून कुणीतरी खांद्याने तिला हलकेच बाजूला सारलं.

आईची अट होती तरी दादा पुढे झाला. डाव्या हातात विळा होता. उजवा हात छातीशी घडी घालून ठेवल्यासारखा. काठी नव्हती.

"दादा, वाक," ती म्हणाली.

तो वाकला नाही. तो सरळ चालत गेला आणि पहिलं जाळं त्याच्या तोंडावर बसलं. मग दुसरं. मग पुढचं. पुसायला उजवा हात उठत नव्हता आणि डावा रिकामा नव्हता. तो चालत राहिला, तेवढ्याच अंतराने, तेवढ्याच गतीने, आणि ती त्याच्या मागे, त्याच्या पाठीकडे बघत, लहानपणी चालायची तशी. तिच्या तोंडाला एक तंतूही लागला नाही. तिला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला काही हक्क नाही हेही तिला समजत होतं.

ओळीच्या शेवटी तो वळला. कपाळ, भुवया, ओठ, सगळं पांढऱ्या धाग्यांनी माखलेलं. एक कोळी त्याच्या गालावरून डोळ्याकडे चालला होता. तिने तो काढायला हात पुढे केला.

"असू दे," दादा म्हणाला. "तुझा आहे." आणि पुढच्या ओळीत शिरता शिरता, मागे न बघता, "ये. वाट मोकळी आहे."